गॅमा डिटेक्टर बनवायचे तर कुणासाठी? रबाळ्याच्या एका उद्योजकाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रबाळे एमआयडीसीत तुमचं पीसीबी असेंब्लीचं युनिट आहे. गॅमा किरणांच्या डिटेक्टरच्या जागतिक बाजाराबद्दलचा एक अहवाल तुमच्या वाचनात आला आणि त्यात मागणी पुढची कित्येक वर्षं चढतीच राहणार असं म्हटलंय. तेव्हा आपण हे उपकरण बनवायला घ्यावं का, घेतलं तर कुठल्या प्रकारचं, आणि ते घेणार कोण?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. बनवायला घ्या. पण क्रिस्टल, म्हणजे डिटेक्टरमधला किरण पकडणारा स्फटिक, वाढवण्याच्या फंदात पडू नका, हॉस्पिटलातल्या मोठ्या यंत्रांकडे वळू नका आणि सुरुवातीची काही वर्षं निर्यातीचं गणित मांडू नका. तुमचं गिऱ्हाईक कळंबोलीत, तळोज्यात आणि न्हावाशेव्याच्या रस्त्यावर आहे. मी वाशीत बसून बरीच वर्षं ही उपकरणं विकतो, दुरुस्त करतो, कॅलिब्रेशनला नेऊन आणतो. त्या अनुभवावरून सांगतो, भंगाराच्या आणि भट्टीच्या धंद्यातल्या माणसाला आज जे मिळतं ते एकतर त्याच्या खिशाबाहेरचं असतं किंवा त्याच्या कामाचं नसतं.

बाजाराच्या अहवालांबद्दल एवढंच सांगतो. दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवले तर जुळत नाहीत, कारण मोजणाऱ्यांनी वेगवेगळ्या वस्तू मोजलेल्या असतात. एकाने फक्त क्रिस्टल आणि सेन्सर धरलेला असतो, दुसऱ्याने हातात धरायचं सर्व्हे मीटर धरलेलं असतं, तिसऱ्याने हॉस्पिटलातला अख्खा पेट (PET) स्कॅनर त्यात टाकलेला असतो. जगभराचा हा बाजार म्हणजे सात-आठ वेगळे बाजार आहेत आणि त्यांची गिऱ्हाइकं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. टक्केवारी पाहून कारखाना टाकू नका. गिऱ्हाईक कोणता प्रश्न घेऊन येतं ते पाहा.

प्रश्न तीनच असतात. किरणोत्सर्ग आहे का? किती आहे? आणि कशाचा आहे?

पहिल्या दोन प्रश्नांना गायगर-म्युलर नळी पुरते. १९२८ सालची ही नळी आजही स्वस्त सर्व्हे मीटरमध्ये असते, कारण ती साधी आहे आणि टिकते. पण तिला ऊर्जा कळत नाही. कोबाल्टचा फोटॉन, म्हणजे गॅमा किरणाचा कण, आला काय किंवा सीझियमचा, तिच्या लेखी एक टिकटिकच. शिवाय एक धोका आहे, जो विकणारे क्वचितच सांगतात: फारच तीव्र क्षेत्रात गेल्यावर साधी जीएम नळी गुदमरते आणि वाचन वाढायच्या ऐवजी खाली येतं, कधी शून्यावरही. माणूस सोर्सच्या, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोताच्या, अगदी जवळ उभा असताना मीटर त्याला काही नाही असं सांगतं. तुम्ही जीएमवर काहीही बनवलं, तर ही स्थिती ओळखून ओव्हरलोड दाखवणारं सर्किट त्यात असलंच पाहिजे. ते नसेल तर ते उपकरण कुणाच्याही हातात देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या प्रश्नापासून खरा खर्च सुरू होतो. १९४८ साली रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल वापरात आणला आणि आजही जगातलं निम्मंअधिक रोजचं काम त्याच्यावर चालतं असं म्हटलं तरी चालेल. गॅमा फोटॉन क्रिस्टलमध्ये थांबला की प्रकाशाची ठिणगी पडते. जितकी ऊर्जा जास्त, तितकी ठिणगी ठळक. मागे बसवलेली फोटोमल्टिप्लायर नळी तिचा विद्युत स्पंद करते, आणि हजारो स्पंद उंचीप्रमाणे मांडले की स्पेक्ट्रम तयार होतो. सीझियम-१३७ असेल तर ६६२ केईव्हीला (हे ऊर्जेचं एकक) शिखर येतं, कोबाल्ट-६० असेल तर ११७३ आणि १३३२ ला जोडीने, आणि निसर्गातलं पोटॅशियम-४० असेल तर १४६१ ला. शिखर जितकं निमुळतं, तितकी ओळख पक्की. ६६२ ला सोडियम आयोडाइडचं शिखर साधारण ७ टक्के रुंद असतं, लँथॅनम ब्रोमाइडचं ३ टक्क्यांच्या आसपास, चांगल्या कॅडमियम झिंक टेल्युराइडचं म्हणजे सीझेडटीचं १ ते २ टक्के. अतिशुद्ध जर्मेनियम या सगळ्यांच्या कितीतरी पुढे आहे, पण ते द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंशांच्या जवळ, थंड ठेवावं लागतं. किंमतही त्याच क्रमाने चढते आणि जर्मेनियमची पूर्ण यंत्रणा सहज लाखांच्या दोन आकडी घरात जाते.

आपल्या हवेबद्दल परदेशी कॅटलॉगमध्ये काही छापलेलं नसतं, म्हणून इथे लिहितो. सोडियम आयोडाइड पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीसारखं पाणी ओढतं. त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं सीलबंद डबडं जरा जरी उघडं पडलं, तर जून ते सप्टेंबरात तो क्रिस्टल पिवळा पडतो आणि शिखर रुंदावत जातं. वापरणाऱ्याला हे कळतही नाही, कारण मीटर काउंट दाखवतच असतं. एसी केबिनमधून मीटर एकदम मे महिन्याच्या उन्हात नेलं तर दोन गोष्टी होतात: मोठा क्रिस्टल तडकू शकतो, आणि गेन, म्हणजे स्पंद मोठा करण्याचं प्रमाण, सरकल्यामुळे शिखर आपली जागा सोडतं. ६६२ चं शिखर ६३० ला दिसलं की आयसोटोप, म्हणजे सीझियम-१३७ सारखा नेमका किरणोत्सर्गी पदार्थ, ओळखणारं सॉफ्टवेअर चुकीचं नाव सांगायला लागतं. म्हणून इथे बनवणाऱ्याने सिझियम आयोडाइड घ्यावं (यातलं सिझियम किरणोत्सर्गी नसतं). ते फारसं पाणी ओढत नाही, धक्का सहन करतं, प्रकाश भरपूर देतं आणि तो प्रकाश ५५० नॅनोमीटरच्या आसपास असल्याने सिलिकॉन सेन्सरशी त्याचं चांगलं जुळतं. फोटोमल्टिप्लायरच्या जागी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर लावला तर हजार-बाराशे व्होल्टची कटकटही संपते. तीस-चाळीस व्होल्टमध्ये काम होतं. अर्थात सिलिकॉनचा गेनही तापमानाबरोबर हलतो, आणि तो सावरण्याचं काम इलेक्ट्रॉनिक्सचं आहे. तुमचं कौशल्य नेमकं तिथलंच आहे.

आता गिऱ्हाइकांकडे येतो. पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठं दालन वैद्यकीय आहे. गॅमा कॅमेऱ्यात टेक्निशियम-९९एमचे १४० केईव्हीचे फोटॉन मोजतात, पेटमध्ये पॉझिट्रॉनच्या नाशातून समोरासमोर निघालेले ५११ चे दोन. पेटच्या एका स्कॅनरमध्ये एलएसओ किंवा एलवायएसओ जातीचे हजारो छोटे क्रिस्टल असतात, कारण ते जड आहेत आणि त्यांची ठिणगी ४० नॅनोसेकंदांच्या आसपास विझते. खारघरच्या कर्करोग केंद्रात म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये किंवा ठाण्यातल्या एखाद्या खासगी हॉस्पिटलात स्कॅनर बसतो तेव्हा तो तीन-चार जागतिक कंपन्यांपैकी एकीचा असतो, आणि त्यातला क्रिस्टल, सेन्सर, सॉफ्टवेअर सगळं तिच्याच साखळीतून येतं. त्या साखळीत तुम्हाला शिरकाव नाही.

मात्र स्कॅनरच्या खोलीबाहेर बरंच काही लागतं. फ्ल्युओरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. सायक्लोट्रॉनमधून निघालेली कुपी खाडीपुलावरच्या गर्दीत अडकली तरी घड्याळ थांबत नाही, म्हणून ती पोचल्या पोचल्या पुन्हा मोजावी लागते. हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी औषधं हाताळायच्या खोलीत, एरिया मॉनिटर लागतो, कर्मचाऱ्यांचे हात-पाय तपासायला कंटॅमिनेशन मॉनिटर लागतो, थायरॉइडच्या रुग्णांना आयोडिन-१३१ दिल्यावर त्यांच्या खोलीचं आणि सांडपाण्याच्या टाक्यांचं मोजमाप लागतं. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत पहिली लसीकाग्रंथी शोधायला सर्जन हातात पेनासारखा गॅमा प्रोब धरतात. हा प्रोब म्हणजे छोटा क्रिस्टल, टंगस्टनचा कॉलिमेटर आणि चांगलं इलेक्ट्रॉनिक्स. दुसऱ्या टप्प्यात तुम्ही तिकडे जरूर पाहा. पहिल्या टप्प्यात नको. वैद्यकीय उपकरणाच्या परवान्यांना आणि चाचण्यांना लागणारा वेळ छोट्या युनिटला झेपत नाही.

आता भंगार. या विषयावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माणसं मरतात ती इथे.

१९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं रेडिओथेरपीचं यंत्र भंगारवाल्यांनी उचललं आणि आतली सीझियम-१३७ ची कुपी फोडली. निळसर चकाकणारी ती पूड नातेवाइकांत वाटली गेली. चार जण गेले, २४९ जणांना पूड लागलेली आढळली आणि लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातला, वर्षानुवर्षं न वापरलेला गॅमा सेल (प्रयोगासाठी गॅमा किरण देणारं यंत्र) २०१० च्या फेब्रुवारीत भंगार म्हणून लिलावात गेला. मायापुरीच्या बाजारात तो फोडला गेला आणि कोबाल्ट-६० ची पेन्सिल हातोहात फिरली. एक कामगार दगावला, बाकीच्यांना गंभीर इजा झाल्या. बातमी फुटली ती एप्रिलमध्ये, आणि तीही माणसं हॉस्पिटलात पोचल्यावर. वजनकाट्यावर साधं मीटर असतं तर ते आधी कळलं असतं.

सोर्स फोडला न जाता भट्टीत गेला तर वेगळं संकट येतं. १९९८ साली दक्षिण स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्यात सीझियमचा सोर्स भंगाराबरोबर वितळला. कारखान्याच्या गेटवर मॉनिटर होते, पण त्यांना पत्ता लागला नाही. धुरातून निघालेला सीझियम फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटलीतल्या हवा तपासणाऱ्या केंद्रांना आधी सापडला. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० निघाला. त्यातलं पोलाद भारतातून गेलेलं होतं. त्या बटणांना रोज हात लावणाऱ्या कामगारांना डोस बसला आणि आपल्या निर्यातदारांकडे त्यानंतर कितीतरी काळ संशयाने पाहिलं गेलं.

भट्टीत काय होतं ते समजून घ्या, कारण डिटेक्टर कुठे लावायचा ते त्यावर ठरतं. कोबाल्ट आणि इरिडियम लोखंडातच मिसळून राहतात, म्हणजे प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याचा, नमुना तपासला तर सापडतात. सीझियमची वाफ होते आणि ते बॅग फिल्टरच्या धुळीत जातं. धातू स्वच्छ दिसतो आणि धूळ किरणोत्सर्गी असते. अमेरिसियम आणि रेडियम मळीत, म्हणजे स्लॅगमध्ये जातात. थोडक्यात, फक्त बिलेट, म्हणजे ओतलेलं लोखंड, तपासणारा कारखाना तीनपैकी एकच वाट पाहतो आहे. धुळीच्या हॉपरवर एक आणि स्लॅगच्या जागेवर एक, असे दोन छोटे डिटेक्टर आणखी लागतात. ते फार भारी असायची गरज नाही. ते तिथल्या उष्णतेत आणि धुरळ्यात वर्षभर चालत राहायला हवेत, एवढंच.

गेटवरचे मोठे पोर्टल मॉनिटर बहुधा प्लॅस्टिक सिंटिलेटरचे, म्हणजे किरण आदळला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकचे असतात. प्लॅस्टिकची मोठी फळी स्वस्त पडते आणि संवेदनशीलही असते, पण आयसोटोप ओळखण्याच्या बाबतीत जवळजवळ आंधळी. भंगाराने भरलेला ट्रक फळ्यांमध्ये आला की तो जमिनीतून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग अडवतो आणि काउंट चक्क खाली जातात. हा खड्डा लक्षात न घेता अलार्मची पातळी ठरवली तर दुबळा सोर्स त्या खड्ड्यात लपून जातो. ट्रक सावकाश, माणसाच्या झपझप चालण्याच्या वेगाने गेला पाहिजे. आपल्याकडे ड्रायव्हरला तेवढा धीर नसतो आणि काटेवाल्यामागे रांग असते. म्हणून वेग मोजणारा सेन्सर आणि फार वेगात गेलेली गाडी परत बोलावणारी सूचना, या दोन गोष्टी मी कुठल्याही पोर्टलमध्ये क्रिस्टलइतक्याच महत्त्वाच्या मानतो.

उलट बाजूचा त्रास खोट्या अलार्मचा. भट्टीच्या विटा, झिरकॉनची वाळू, काही टाइल्स, पोटॅशचं खत, यांत थोरियम, युरेनियम किंवा पोटॅशियम असल्याने पोर्टल वाजतं. आयोडिन घेऊन नुकताच घरी आलेला रुग्ण गाडीत बसला असेल तरी वाजतं. आठवड्यातून चारदा असं झालं की पाचव्या वेळी वॉचमन बटण दाबून आवाज बंद करतो आणि गाडी सोडतो. खरा सोर्स नेमका अशा वेळी आत जातो. यावर उपाय आहे: अलार्म वाजल्यावर हातात घ्यायचं, अर्ध्या-एका मिनिटात "पोटॅशियम, हरकत नाही" किंवा "सीझियम, गाडी बाजूला लावा" एवढं सांगणारं छोटं उपकरण. परदेशी कंपन्यांची अशी उपकरणं आहेत, उत्तम आहेत, आणि त्यांची किंमत ऐकून भंगार यार्डाचा मालक विषय बदलतो.

तुमचं उपकरण हेच आहे. बोटाएवढा ते मुठीएवढा सिझियम आयोडाइड, सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, तापमान सावरणारं सर्किट, पंधरा-वीस आयसोटोपची लायब्ररी, आणि मराठी-हिंदीत बोलणारा पडदा. शेवटची गोष्ट मी मनापासून मागतो आहे. काट्यावरच्या मुलाला "नॉर्म डिटेक्टेड" (म्हणजे नैसर्गिक किरणोत्सर्गी पदार्थ सापडला) वाचून काय करायचं ते कळत नाही. त्याला "गाडी थांबवा, दहा पावलं मागे व्हा, साहेबांना फोन करा" असं मोठ्या अक्षरांत दिसलं तर तो करतो.

न्हावाशेव्याला येणाऱ्या आयात भंगाराला साधारणपणे जहाजावर चढवण्यापूर्वीच्या तपासणीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात किरणोत्सर्गाचीही तपासणी असते. बंदरातही तपासणी असते. पण देशातल्या देशात फिरणारं भंगार, बंद कारखान्यांतून, जुन्या हॉस्पिटलांतून, पाडकाम झालेल्या प्लांटमधून निघणारं, ते बंदरातून येतच नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल प्लांट बंद होऊन त्या जागी डेटा सेंटर आणि गोदामं उभी राहिली. अशा प्लांटच्या टाक्यांवर लेव्हल मोजायला सीझियमचे न्यूक्लिऑनिक गेज असू शकतात. ते परवान्यावर असतात, काढताना नियमाने परत पाठवायचे असतात. बहुतेक जण तसं करतात. न केलेल्या एकासाठी काट्यावर मीटर हवं.

तळोज्याबद्दल एक गोष्ट मला अलीकडे अस्वस्थ करते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इंडोनेशियातून आलेल्या गोठवलेल्या कोळंबीबद्दल इशारा दिला. एका नमुन्यात किलोमागे साधारण ६८ बेकरेल (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) सीझियम-१३७ सापडलं होतं. ही मात्रा त्यांच्या १२०० च्या हस्तक्षेप मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी, तरी माल परत गेला. इंडोनेशियातल्या तपासाचा रोख कोळंबीच्या कारखान्याच्याच औद्योगिक वसाहतीतल्या, भंगार वितळवणाऱ्या कारखान्याकडे गेला. आपल्या तळोजा एमआयडीसीत मासळी प्रक्रिया करून निर्यात करणारे कारखाने आणि धातूचं काम करणारे कारखाने एकाच वसाहतीत आहेत. तिथल्या धातूवाल्याने मीटर घेतलं नाही तर धोका त्याच्या भट्टीपुरता राहत नाही. उद्या मासळी निर्यातदारांच्या संघटनेकडे गेलात, तर हे उदाहरण घेऊन जा. अन्नातलं एवढं कमी सीझियम मोजायला जर्मेनियम आणि शिशाची जाड पेटी असलेली प्रयोगशाळाच लागते, हातातल्या मीटरने ते होणार नाही. हेही त्यांना आधीच सांगा. जपानने २०१२ पासून सर्वसाधारण अन्नाला किलोमागे १०० बेकरेलची मर्यादा ठेवली आहे, तेव्हा हे काम कुणातरी प्रयोगशाळेकडे सतत येणार.

मीटर चांगलं असलं की काय होतं त्याचंही उदाहरण द्यायला हवं. २०२३ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीच्या गेजमधली ६ बाय ८ मिलिमीटरची सीझियमची कुपी ट्रकमधून रस्त्यावर पडली. वाट सुमारे १४०० किलोमीटरची. डिटेक्टर बसवलेली गाडी ताशी ७० किलोमीटरने जात असताना १ फेब्रुवारीला तिने ती कुपी रस्त्याच्या कडेला शोधून काढली. तुमच्या धंद्यात हे शक्य असतं, हे लक्षात असू द्या.

इंडस्ट्रियल रेडिओग्राफीबद्दल थोडक्यात. पाइपलाइन आणि प्रेशर व्हेसलच्या वेल्डचे फोटो काढायला इरिडियम-१९२ चा सोर्स वापरतात. अर्धायुष्य ७४ दिवस, म्हणून सोर्स सतत बदलावे लागतात. वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेतून असे सोर्स देशभर जातात. प्रत्येक पथकाकडे चालू सर्व्हे मीटर असणं बंधनकारक आहे. या बाजारात मागणी ठरलेली आहे पण भाव फार पडलेले आहेत, आणि जीएमवरची मीटरं बनवणारे देशात आधीपासून आहेत. तुम्ही तिथे फक्त दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनच्या ने-आणीने सुरुवात करा. पैसे कमी, पण सगळ्या आरएसओंशी, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांशी, ओळख होते आणि कुठलं मीटर कशाने मरतं हे हाताखालून जातं.

अंतराळातलं काम वाचायला सुंदर आहे. २०१५ साली गेलेल्या भारतीय उपग्रहावर, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटवर सीझेडटीचा इमेजर आहे आणि त्याने गॅमा किरणांचे स्फोट टिपले आहेत. पण तो बाजार नाही. अणुवीज मात्र बाजार आहे: जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासून वीज बनते आहे, आणि २०४७ पर्यंत देशात १०० गिगावॉट अणुवीज करायचं लक्ष्य २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. त्यातलं अर्धं झालं तरी मॉनिटरची मागणी कित्येक पटींनी वाढेल. पण तिथली ऑर्डर मिळवायला आधी कामाचा लांब इतिहास दाखवावा लागतो. तो भंगाराच्या काट्यांवर जमवा.

क्रिस्टलच्या पुरवठ्याकडे सावध राहा. चीनने २०२३ च्या ऑगस्टपासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावला. २०२५ च्या फेब्रुवारीत टेल्युरियम आणि बिस्मथ त्यात आले, एप्रिलमध्ये ल्युटेशियम, गॅडोलिनियम आणि यट्रियम. ही यादी डिटेक्टरवाल्याच्या नजरेने वाचा. जर्मेनियम म्हणजे एचपीजीई (अतिशुद्ध जर्मेनियमचा डिटेक्टर), टेल्युरियम म्हणजे सीझेडटी, बिस्मथ म्हणजे बीजीओ क्रिस्टल, ल्युटेशियम-यट्रियम म्हणजे पेटचा एलवायएसओ, गॅडोलिनियम म्हणजे नव्या दमाचे गॅग क्रिस्टल. नियम मधूनमधून सैल होतात, पुन्हा आवळले जातात. सोडियम आणि सिझियम आयोडाइडला त्या मानाने कमी धक्का लागतो, हे आणखी एक कारण मी तुम्हाला सिझियम आयोडाइड सुचवण्यामागे. याशिवाय मालकी सारखी बदलते: रेडलेन ही सीझेडटी बनवणारी कॅनडातली कंपनी २०२१ मध्ये कॅननने घेतली, सेंट-गोबेनचा क्रिस्टलचा धंदा २०२२ मध्ये वेगळा होऊन लक्झियम झाला. मालक बदलला की छोट्या गिऱ्हाइकाची ऑर्डर मागे सरकते. दोन पुरवठादार ठेवा आणि डिझाइन असं करा की दोघांचाही क्रिस्टल बसेल. ट्रॉम्बेला बीएआरसीत सिंटिलेटर क्रिस्टल वाढवण्याचं काम चांगलं चाललेलं आहे आणि ते तंत्रज्ञान हस्तांतरित करतात. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

कायद्याची बाजू. डिटेक्टर बनवायला रेडिओअ‍ॅक्टिव्ह सोर्स लागतो असं नवख्यांना वाटतं आणि ते कुठून तरी चेक सोर्स मिळवायच्या खटपटीला लागतात. असं करू नका. सोर्स घ्यायचा तर एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, ई-लोरा पोर्टलवरून, त्यांच्या नियमांनुसारच. पहिल्या प्रोटोटाइपला त्याची गरजही नाही. पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे खताच्या दुकानातलं पोटॅश, किलोमागे साधारण १६ हजार बेकरेल देतं. एक-दोन किलोची पिशवी क्रिस्टलभोवती गुंडाळा आणि १४६१ चं शिखर शोधा. छोट्या क्रिस्टलला रात्रभर लागेल. ते शिखर पहाटे आणि भर दुपारी एकाच चॅनेलला राहिलं तर तुमचं तापमान सावरणारं सर्किट बरोबर आहे. विकण्याआधी मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतलं कॅलिब्रेशन हवंच, आणि डोस दाखवणार असाल तर आयईसी ६०८४६, आयसोटोप ओळखणार असाल तर आन्सी एन४२.३४ ही मानकं डिझाइन सुरू करण्याआधी वाचा. मागाहून वाचली तर बोर्ड पुन्हा काढावा लागतो.

विक्रीचं गणित शेवटी सांगतो, कारण बहुतेक छोटे उत्पादक तांत्रिक कारणाने बुडत नाहीत, इथे बुडतात. सरकारी टेंडरमध्ये सगळ्यात कमी भाव लावणारा घेतला जातो आणि बिल निघायला महिनोन्‌महिने जातात. पहिल्या दोन वर्षांत सरकारी ऑर्डर एकूण धंद्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नका. खासगी यार्डाला उपकरण विकू नका, महिन्याच्या भाड्याने द्या, त्यात वर्षाचं कॅलिब्रेशन आणि दुरुस्ती धरा. मालकाला एकदम मोठी रक्कम द्यावी लागत नाही, आणि तुमचं मीटर दरवर्षी तुमच्या टेबलावर परत येतं, त्यामुळे ते खरंच चालू आहे की नुसतं भिंतीवर टांगलेलं आहे हे तुम्हाला कळतं. माझ्या मते या धंद्यातला नफा पुढे या भाड्यातच आहे.

सुरुवात करण्याआधी आठवडाभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात आणि तळोज्याच्या काट्यांवर जा. ज्यांच्याकडे पोर्टल आहे त्यांच्याकडे अलार्मची नोंदवही मागा. वही कोरी असेल तर मॉनिटर बंद आहे असं धरून चाला. नोंदी असतील तर कशाने वाजलं, किती वेळ गाडी थांबली, शेवटी कुणी ठरवलं, हे उतरवून घ्या. तुमच्या उपकरणाची आयसोटोप लायब्ररी आणि पडद्यावरची वाक्यं त्या नोंदींवरूनच लिहायची आहेत. प्रोटोटाइप तयार झाला की वाशीला घेऊन या, माझ्याकडच्या कॅलिब्रेट केलेल्या मीटरशेजारी ठेवून पाहू.